नकुलरावांची घाईची सोयरीक

एका जंगलात सगळ्यांनाच घाई होती.

कसली, ते विचारू नका. विचारायला थांबलं की मागचा येऊन धडकत असे. हरणं धावता धावता चरत. माकडं एका फांदीवर बसून तिसऱ्या फांदीची काळजी करत. कासव वाटेत भेटलं, तर तेसुद्धा म्हणायचं, "लवकर बोला, मला पुढे जायचंय."

अशा त्या जंगलात नकुलराव बिळकर नावाचे एक मुंगूस राहत होते. बाळांनो, मी तुम्हाला त्यांचीच गोष्ट सांगणार आहे. नीट मांडी घालून बसा. चुळबुळ करू नका. आपल्याला वेळ भरपूर आहे.

नकुलराव स्वभावाने भारी चौकस. बिळाबाहेर पडायचं तर आधी नाक बाहेर काढत, मग एक डोळा, मग दुसरा, आणि मग पुन्हा आत जाऊन विचार करत. जंगलात त्यांची थट्टा व्हायची. नकुलराव नदीवर गेले की पाण्याचं गोत्र विचारतात, असं लोक म्हणायचे.

थोरल्या लेकीचं, चपलाचं लग्न ठरवताना तर त्यांनी कमाल केली. अख्खा हिवाळा चौकशीत घालवला. मुलाचे आजोबा कशाने गेले? आजी कशावरून रुसायची? मुलाची शेपटी भिजली तर वाळायला किती वेळ लागतो? त्यांनी घुबडाला विचारलं, सायाळीला विचारलं, तरसाला विचारलं. तरस हसलं. ते का हसलं, हे कोल्ह्याला जाऊन विचारलं. शेवटी असं स्थळ मिळालं की नाव ठेवायला जागा नाही. चपला सासरी गेली. नकुलराव थकून महिनाभर झोपले.

आता राहिली धाकटी. तिचं नाव लवंगी. नाव मिरचीचं आणि स्वभाव फटाक्याचा. उंदीर पकडायला गेली तर आधी त्याच्याशी गप्पा मारायची. गप्पा रंगल्या की उंदराला सोडून द्यायची आणि घरी येऊन म्हणायची, "आई, भूक लागली."

तिच्या लग्नाचं बघू सावकाश, असं नकुलराव म्हणत होते. एवढ्यात एके दिवशी सकाळी बिळाच्या तोंडाशी बगळेभटजी येऊन उभे राहिले. एका पायावर. जंगलातले सगळे मुहूर्त तेच काढायचे.

"यजमान," भटजी म्हणाले, "या मोसमातला शेवटचा मुहूर्त परवाचा."

नकुलरावांच्या अंगावरचे केस उभे राहिले. "आणि त्यानंतर?"

"त्यानंतर थेट पुढच्या वर्षी. मोहाला पुन्हा फुलं येतील तेव्हा."

"असं का हो?"

"ग्रहांचं आहे ते," भटजींनी डोळे मिटले.

बाळांनो, ग्रहांचं काही नव्हतं. तळं आटत आलं होतं. उथळ पाण्यात मासे आयते हाती लागत होते. असले सोन्यासारखे दिवस भटजींना दुसऱ्यांच्या लग्नात घालवायचे नव्हते. पण हे नकुलरावांना कसं कळणार?

"भटजी, पण चौकशी करायची म्हटलं तर..."

भटजींनी पाय बदलला. "चौकशी करत बसाल, तर मुलगीही बसेल. घरातच."

एवढं बोलून ते उडाले. तळ्याच्या दिशेने.

नकुलरावांची बायको भुरीबाई आतून सगळं ऐकत होती. ती पदर खोचत बाहेर आली. "अहो, उभे काय राहिलात? त्या टिटवीबाईंना हाक मारा!"

हाक मारायची गरजच पडली नाही. टिटवीबाई डोक्यावर घिरट्या घालतच होत्या. जंगलातली सगळी लग्नं त्यांनी जमवलेली. त्यांना खाली उतरायला वेळ नसायचा. वरूनच स्थळं बघायच्या आणि वरूनच ओरडून सांगायच्या. टिटवीबाई खोटं मात्र कधी बोलत नसत. खोटं रचायला वेळ लागतो.

"स्थळ आहे!" टिटवीबाई ओरडल्या. "लवकर बोला! दुपारी दुसरे लोक बघायला जाणार आहेत!"

"कोण? कुठले?" नकुलराव मान वर करून, गोल गोल फिरत विचारू लागले. टिटवीबाई जिकडे फिरतील तिकडे त्यांना फिरावं लागत होतं.

"फणींद्र वेटोळे! माळावरचे! नागोराव वेटोळ्यांचा एकुलता एक!"

"घर?"

"वारुळाचं! पिढीजात! उन्हाळ्यात थंडगार!"

"वा! मुलगा कामाचा आहे ना? हातपाय हलवतो ना?"

"हातपाय हलवायची त्याला आजवर गरजच पडली नाही!"

"म्हणजे मोठं घराणं," भुरीबाई खूश होऊन कुजबुजली.

"पोट कसं चालवतो?"

"पोटावरच तर चालतो सगळा!"

"व्यसन?"

"दूधसुद्धा पीत नाही!"

"बोलायला कसा आहे?"

"जीभ बाहेर काढतो आणि आत घेतो. शब्द नाही!"

"लाजाळू आहे," नकुलरावांना गलबलून आलं. "आणि कपडेलत्ते? नीटनेटका राहतो ना?"

"वर्षाला नवा कोरा अंगरखा! जुना अंगावरून उतरवला की पुन्हा हात लावत नाही!"

बाळांनो, हसू नका. तुम्हाला कळलं, कारण तुम्ही मांडी घालून बसला आहात. तुमच्या डोक्यावर टिटवी ओरडत नाही. चपलाच्या वेळचे नकुलराव असते, तर 'वेटोळे' हे आडनाव ऐकूनच त्यांनी नाक फेंदारलं असतं. पण आज एक प्रश्न सुचला की त्याच्या मागचा प्रश्न घाईने पळून जात होता. हाताशी येईल ते उत्तर नकुलराव झेलत होते आणि जे झेललं ते गोडच लागत होतं.

"ठरलं का?" टिटवीबाई ओरडल्या. "ठरलं की नाही? ते दुसरे लोक निघाले हो!"

"ठरलं!" नकुलराव ओरडले. मग त्यांचं त्यांनाच आश्चर्य वाटलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी एका दमात काहीतरी ठरवलं होतं. छातीत काहीतरी हलकं हलकं झालं. मजा आली. इतकी वर्षं आपण उगाच डोकं शिणवलं, असं त्यांना वाटलं.

टिटवीबाई तशाच माळाकडे गेल्या. तिथे वारुळाच्या तोंडाशी नागोराव वेटोळे ऊन खात पडले होते. ते धामण जातीचे. विष नाही, फणा नाही. मुलाचं नाव तेवढं हौसेने फणींद्र ठेवलेलं. परवाच्या मुहूर्ताची बातमी ऐकून तेही घायकुतीला आले होते.

"मुलगी आहे!" टिटवीबाई ओरडल्या. "चपळ! धीट! केस दाट!"

"आमच्या घराण्याची त्यांना माहिती आहे का?"

"तुमच्या कुळाशी त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा संबंध! तुमचं नाव काढलं की त्यांच्या तोंडाला पाणी सुटतं!"

"एवढी ओढ?" नागोराव सद्गदित झाले. "मग आणखी काय विचारायचं? ठरलं म्हणा."

संध्याकाळी नकुलरावांच्या मनात जुनी खाज थोडीशी उठली. निदान मुलाचं घर लांबून तरी बघून यावं, म्हणून ते माळाकडे निघाले. वारूळ दिसलं. छान होतं. उंच, लालसर. जवळच्या बोरीच्या झुडपावर काहीतरी पांढुरकं, पारदर्शक लोंबत होतं. नकुलरावांनी हळूच बोट लावून पाहिलं.

"अहाहा! काय तलम अंगरखा! आणि लांबी तरी किती! मुलगा चांगलाच उंच दिसतो."

तेवढ्यात गवतातून एक बेडूक टुणकन बाहेर आला. नकुलरावांनी त्याला अडवलं.

"अहो, तुम्ही इथलेच ना? हे वेटोळे कुटुंब कसं आहे?"

"फार प्रेमळ," बेडूक मागे बघत, धापा टाकत म्हणाला. "एकदा जवळ घेतलं की सोडत नाहीत. माझे दोन्ही भाऊ त्यांच्याकडेच..."

"राहतात?"

"गेले ते आलेच नाहीत," असं म्हणून बेडकाने उडी मारली आणि दिसेनासा झाला.

बघा, केवढं आदरातिथ्य! पाहुणे परत जायचं नाव घेत नाहीत. नकुलराव समाधानाने माघारी फिरले.

"मुलाला पाहिलंत?" भुरीबाईने दारातच विचारलं.

"त्याचा अंगरखा पाहिला."

"अहो, आणि तोंड?"

"तोंड काय, लग्नात दिसेलच की. कुठे पळून जाणार आहे?"

लवंगी कोपऱ्यात बसून शेपटीच्या टोकाशी खेळत होती. तिने तोंड उघडलं. "बाबा, मी काय म्हणते..."

"अगं, आता म्हणायला वेळ कुठे आहे? मुंडावळ्या करायच्यात, आवतणं द्यायचीत, वानरांना मांडवाचं सांगायचंय!"

नकुलराव धावले. भुरीबाई धावली. लवंगी तिथेच बसली.

लग्नाचा दिवस उजाडला. करंजाच्या झाडाखाली वानरांनी मांडव घातला. सासरहून चपला आली. माहेरची सगळी मुंगसं आली. पंगतीसाठी अंडी मांडून ठेवली होती. कुणाची, हे विचारायला कुणाला सवड झाली नव्हती.

वराकडची मंडळी वेळेवर आली. पण कशी, ते कुणी पाहिलं नाही. गवत हललं, सळसळ झाली आणि पलीकडची बाजू भरली, एवढंच. मध्ये भला मोठा अंतरपाट. सागाची पानं जोडून केलेला. दोन टोकांना दोन वानरं.

अलीकडे सगळ्या मुंगसांना एकाएकी भलतीच भूक लागली. नाकं आपोआप हलायला लागली.

"स्वयंपाकाचा वास किती छान सुटलाय," एक म्हातारं मुंगूस म्हणालं.

अंतरपाटाच्या पलीकडे वेटोळे मंडळींच्या अंगावर सारखे शहारे येत होते.

"लग्नघटका जवळ आली की असं होतंच," नागोराव सगळ्यांची समजूत घालत होते.

बगळेभटजी दोन्ही बाजूंच्या मध्ये, बरोबर अंतरपाटाच्या टोकाशी उभे होते. त्यांना दोन्हीकडचं दिसत होतं. पण ते बघत नव्हते. त्यांचे डोळे करंजाच्या सावलीवर होते.

"त्या पांढऱ्या दगडाला सावली टेकली की मुहूर्त संपला!" त्यांनी जाहीर केलं. "चला, आवरा!"

मंगलाष्टकं सुरू झाली. भटजी अर्धी ओळ म्हणत आणि उरलेली अर्धी गिळत. "सावधान!" म्हटलं की अक्षता उडत. "सावधान!" पुन्हा अक्षता. बाळांनो, लग्नात 'सावधान' हा शब्द इतक्या वेळा ओरडून सांगतात की शेवटी तो कुणालाच ऐकू येत नाही.

नकुलरावांचे डोळे भरून आले. किती सोपं होतं हे! पुढच्या जन्मी मुली झाल्या तर सगळ्यांची लग्नं अशीच करायची, असं त्यांनी ठरवूनही टाकलं.

"सावधान!" भटजी शेवटचं ओरडले आणि वानरांनी अंतरपाट सोडला.

अंतरपाट खाली पडला.

अलीकडे मुंडावळ्या बांधलेलं मुंगूस. पलीकडे मुंडावळ्या बांधलेला साप. दोघांच्याही हातात माळा... म्हणजे लवंगीच्या हातात माळ. फणींद्रने ती तोंडात धरली होती.

क्षणभर पानसुद्धा हललं नाही.

मग एकदम सगळं हललं. मुंगसं फुलून दुप्पट झाली. धामणी उभ्या राहिल्या. "साप! साप!" असं मुंगसं ओरडली आणि "मुंगूस! मुंगूस!" असं साप फुत्कारले, जणू काही आपल्याला कुणी सांगितलंच नव्हतं असा दोघांचाही राग. वानरं झाडावर पळाली. भुरीबाई मटकन खाली बसली, ती नेमकी विहीणबाईंच्या शेपटावर. बगळेभटजी उडून वरच्या फांदीवर गेले आणि तिथे एका पायावर उभे राहिले.

नकुलरावांचे दात आपोआप बाहेर आले. त्यांच्यासमोर नागोराव होते. नागोरावांची मान मागे गेली होती. आता पुढे काय करायचं, हे दोघांच्याही अंगाला पक्कं ठाऊक होतं. त्यांच्या आज्यापणज्यांनी तेच केलं होतं. त्यात विचारायचं काही नव्हतं.

"थांबू नका!" वरून टिटवीबाई ओरडल्या. "माळा घाला नाहीतर मारामारी करा! काय ते लवकर करा! मला पलीकडच्या रानात जायचंय!"

"सावली दगडाजवळ आली!" भटजी ओरडले. "निर्णय घ्या, यजमान! वेळ नाही!"

"थोडा विचार करायला..." नकुलराव दातांतून म्हणाले.

"वेळ नाही!"

"कुणाला तरी विचारून येतो. घुबडाला..."

"वेळ नाही!"

 नकुलरावांना इतकी सोपी वाटलेली गोष्ट आता भलतीच अवघड झाली होती. उजवीकडे बघावं तर मामा, काका, आत्या दात काढून तयार. समोर बघावं तर वेटोळ्यांचे सगळे सोयरे. आत्ता एकजण जरी झेपावला, तर मांडवात कुणीच उरणार नव्हतं. आणि या सगळ्याच्या बरोब्बर मधोमध त्यांची लवंगी, हातात माळ घेऊन.

तेवढ्यात चपला पुढे आली.

"बाबा," ती म्हणाली, "माझ्या वेळी तुमच्याकडे वेळच वेळ होता. तुम्ही सगळ्या रानाला विचारलंत. तरस का हसलं, तेसुद्धा विचारलंत. फक्त मला विचारायचं राहिलं."

"तू सुखी नाहीस का गं?" नकुलराव दचकले.

"वाईट काही नाही हो. पण त्यांना उंच झाडं आवडत नाहीत आणि मला फांद्यांवर खेळल्याशिवाय करमत नाही. हे मी एका वाक्यात सांगितलं असतं. ते राहू द्या. आज तुमच्याकडे रानाला विचारायला वेळ नाही. ही तर इथे हातभर अंतरावर आहे. हिला विचारा."

नकुलराव लवंगीकडे बघत राहिले. खरंच की. ही इथेच होती. परवाही इथेच होती.

"लवंगे," ते हळूच म्हणाले, "बाळ, तुला काय वाटतं?"

लवंगीने माळ खाली ठेवली. ती फणींद्रच्या अगदी जवळ गेली. दोन्हीकडच्यांनी श्वास रोखला.

"उंदीर खाता?" तिने विचारलं.

फणींद्रने तोंडातली माळ खाली ठेवली. "खातो."

"चावून?"

"अख्खा."

"मग चव कशी कळते?"

फणींद्र विचारात पडला. हे त्याला कधी कुणी विचारलं नव्हतं. "नंतर कळते," तो म्हणाला. "हळूहळू. आतून." मग जरा धीर करून त्याने विचारलं, "तुम्ही... म्हणजे तुमच्यात... साप?"

"मी अजून नाही खाल्लेला. बाबा खातात."

"असं होय," फणींद्रने नकुलरावांकडे एकदा बघून घेतलं.

कुठेतरी कुणीतरी फिस्सकन हसलं. मुंगूस होतं की साप, ते कळलं नाही.

"एक सांगा," लवंगी म्हणाली. "तुम्हाला हे लग्न करायचं होतं का?"

"मला कुणी विचारलं नाही."

"मी विचारते ना."

फणींद्रची मान खाली गेली. वर आली. "जरा वेळ मिळेल का विचार करायला?"

"वेळ नाही!" भटजी फांदीवरून किंचाळले. "सावली टेकली! टेकली हो!"

"यांच्याकडे नसेल," लवंगी म्हणाली. "माझ्याकडे आहे."

नकुलरावांनी सावलीकडे पाहिलं. पांढऱ्या दगडाकडे पाहिलं.  मग त्यांनी आपले दात मिटले.

"जाऊ द्या तो मुहूर्त," ते म्हणाले.

नागोरावांनी मान खाली घेतली. "जाऊ द्या," तेही म्हणाले.

करंजाची सावली पांढऱ्या दगडावर चढली. दोन्हीकडच्या मंडळींनी डोळे गच्च मिटून घेतले. आता आभाळ फाटणार, तळं उसळणार, ग्रह एकमेकांवर आपटणार.

एक पान पडलं. ते तसंही पडणारच होतं.

हळूहळू एकेकाने डोळे उघडले. सगळं होतं तसंच होतं. शेवटी भुरीबाईने घसा साफ केला.

"अंडी केलीत," ती विहीणबाईंना म्हणाली. "वाया कशाला घालवायची?"

पंगत बसली. एका ओळीत मुंगसं, समोरच्या ओळीत साप. सुरुवातीला सगळे एकमेकांकडे बघत, एका डोळ्याने जेवत होते. मग आग्रह सुरू झाला. आग्रह सुरू झाल्यावर भांडण कोण करणार? तोंडं भरलेली असतात.

पुढे काय झालं म्हणता? सांगतो, सांगतो.

लवंगी आणि फणींद्र पावसाळाभर तळ्याकाठी भेटत राहिले. त्यांना बोलायला खूप होतं. हातपाय नसताना खाज कशी खाजवायची, इथपासून ते मरणाची भीती वाटते का, इथपर्यंत. पावसाळा संपता संपता दोघांनी सावकाश, सगळा विचार करून एकमेकांना नकार दिला. फणींद्रला ओढ्यापलीकडची एक धामण आवडत होती. हे त्याचं त्यालाही लवंगीने विचारलं तेव्हाच कळलं. त्याच्या लग्नात लवंगी इतकी नाचली की वऱ्हाडी तिला करवली समजले.

लवंगीचं अजून ठरलेलं नाही. ती मजेत आहे. उंदरांशी गप्पा मारते.

नकुलराव मात्र रोज दुपारी माळावर जायला लागले. लग्नाच्या घाईत राहून गेलेले सगळे प्रश्न ते नागोरावांना विचारत आणि नागोराव ऊन खात खात उत्तरं देत.

"तुमचे आजोबा कशाने हो गेले?" एकदा नकुलरावांनी विचारलं.

"तुमच्या आजोबांनी खाल्लं."

नकुलरावांनी ओशाळून मिशा पुसल्या.

"पान घेता?" मग नागोराव म्हणाले.

"घेऊ या की," नकुलराव म्हणाले.

शेजारपाजारचे आता नकुलरावांना सल्ला विचारायला यायचे. नकुलराव त्यांना एकच सांगत, "मुलीला विचारा. मुलालाही विचारा." लोक मान डोलावत आणि म्हणत, "खरं आहे हो. पण तेवढा वेळ कुणाला आहे?"

मांडवातल्या गोंधळाची हकिगत राजाच्या कानावर गेली. सिंहमहाराजांनी तातडीने सभा बोलावली. तातडीने, म्हणजे सगळे जमायच्या आतच ती सुरू झाली.

टिटवीबाई म्हणाल्या, "मी एक शब्द खोटा बोललेले नाही." ते खरंच होतं.

बगळेभटजी म्हणाले, "महाराज, विधी अगदी नीट चालला होता. दोन्ही बाजू आनंदात होत्या. अंतरपाट खाली येईपर्यंत एकाचीही तक्रार नव्हती." हेही खरंच होतं.

सभेने माना डोलावल्या. मग चूक झाली कुठे, ते सगळ्यांना एकदम दिसलं. महाराजांनी तिथल्या तिथे फर्मान काढलं, की यापुढे कुठल्याही लग्नात अंतरपाट खाली सोडायचा नाही.

तेव्हापासून त्या जंगलात लग्नं झटपट लागतात आणि गोंधळ म्हणून होत नाही. परवा एका अस्वलाचं लग्न सागाच्या बुंध्याशी लागलं. अस्वल भेटेल त्याला सांगतं की बायको फार समजूतदार आहे, कधी उलटून बोलत नाही.

तात्पर्य : घाईत घेतलेला निर्णय कधीच चुकत नसतो, चूक होते ती नंतर बघण्याची. म्हणून शहाण्याने एकदा निर्णय घेतला की पुन्हा डोळे उघडू नयेत.